गिरगावची चाल, ‘मंकी बिझनेस’चा ठेका

लॉस एंजेलिसच्या ‘ब्लॅक आइड पीज’ या हिप हॉप गटाचा ‘मंकी बिझनेस’ हा अल्बम 2005 साली आला. त्यावर फंकचा रंग इतका गडद आहे की एका गाण्यात खुद्द जेम्स ब्राउन पाहुणा म्हणून गायला आहे. पण त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एक, ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’, उभं आहे ते गिरगावात वाढलेल्या दोन भावांच्या चालींवर. कल्याणजी-आनंदजींची ‘अपराध’ (1972) आणि ‘डॉन’ (1978) या चित्रपटांतली दोन गाणी त्यात वापरली आहेत. दोन्ही आशा भोसले यांनी गायलेली. हे नेमकं कसं घडतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी फंक. 1960च्या दशकात जेम्स ब्राउनने आपल्या वादकांना एकच गोष्ट बजावली: पहिल्या मात्रेवर जोर द्या. तोवरच्या अमेरिकी नाचाच्या संगीतात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठोका पडायचा. ब्राउनने सगळा वाद्यमेळ समेवर आणून ठेवला आणि मधल्या मात्रा वादकांना खेळायला मोकळ्या सोडल्या. बेस गिटार नुसती साथ न करता स्वतःची सुरावट वाजवू लागली. गिटार सुरांपेक्षा तालासाठी, तुटक तुटक छेडली जाऊ लागली. स्वरमेळ मात्र फारसा बदलत नाही. म्हणूनच फंकचा कुठलाही चार-आठ मात्रांचा तुकडा उचलला आणि पुन्हापुन्हा वाजवला, तरी सांधा जाणवत नाही.

हिप हॉपचा जन्मच या गुणातून झाला. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका पार्टीत डीजे कूल हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर चढवून फक्त ड्रमचा तुकडा लांबवत नेला, ही या संगीताची सुरुवात मानली जाते. पुढे हाताचं ते काम सॅम्पलर नावाच्या यंत्राने उचललं.

आता मुंबई. कल्याणजी-आनंदजींच्या वडिलांचं, कच्छहून आलेल्या वीरजी शहांचं, किराणा मालाचं दुकान होतं. उधारीच्या बदल्यात एका गिऱ्हाइकाने या मुलांना संगीताचे पहिले धडे दिले, असं सांगतात. मराठी-गुजराती शेजारात कान तयार झाले. 1954च्या ‘नागिन’मधली ती प्रसिद्ध बीन कल्याणजींनी क्लेव्हायोलिन या विजेवरच्या वाद्यावर वाजवली होती. नव्या आवाजाची ओढ ही अशी सुरुवातीपासूनची. धाकटा भाऊ बाबला तालवाद्यांत मुरलेला. आणि गिरगावला लागूनच धोबी तलाव, गोव्याहून आलेल्या वादकांचं ठाणं. स्टाफ नोटेशन वाचणारी ही मंडळी संध्याकाळी हॉटेलात जाझ वाजवत आणि दिवसा ताडदेव-महालक्ष्मीच्या स्टुडिओंत चित्रपटांसाठी. सत्तरच्या दशकात अमेरिकेतला फंक त्यांच्या हातांतून हिंदी गाण्यात उतरला.

सॅम्पल, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा, घेणाऱ्याला हिंदी गाणं का आवडतं, याचं उत्तर आपल्या गाण्याच्या बांधणीत आहे. मुखडा आणि अंतरा यांच्या मधे वाद्यवृंदाचे लांब तुकडे असतात. त्या काळी सगळा वाद्यमेळ एकत्र वाजवून ध्वनिमुद्रण व्हायचं. एकदा मिसळलेला आवाज नंतर सुटा करता येत नसे. त्यामुळे गायकाचा आवाज नसलेली जागा म्हणजे सोनं, आणि तशा जागा आपल्या गाण्यांत जागोजागी आहेत. माझ्या मते पाश्चात्त्य पॉपमध्ये इतकी समृद्ध मधली जागा क्वचितच सापडते.

तुकडा कापताना सम अचूक पकडावी लागते. समजा, चार मात्रांचा तुकडा 2.4 सेकंदांचा आहे, म्हणजे मिनिटाला 100 मात्रा. कापताना शेवटी जराशी शांतता राहिली तरी दर फेरीला ठेका अडखळतो. दुसरी अडचण सुराची. तबकडी सुमारे 6 टक्के जास्त वेगाने फिरवली की पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये जातं. दोन वेगवेगळ्या चित्रपटांतली गाणी एकाच गाण्यात बसवायची, तर लय आणि पट्टी दोन्ही जुळवावी लागतात. संगणकावर आता लय आणि सूर वेगवेगळे हलवता येतात, पण फार ताणलं की आवाज फाटतो. म्हणून मुळातच जवळ असलेले तुकडे शोधणारा कान महत्त्वाचा. ‘ब्लॅक आइड पीज’च्या विल.आय.अॅमकडे तो आहे. आशाताईंच्या आवाजाचा तुकडा आणि ‘डॉन’मधला वाद्यमेळ त्याने नव्या ड्रमवर असे बसवले आहेत की जोड शोधूनही सापडत नाही.

मग हक्कांचा प्रश्न. एका तुकड्यामागे दोन हक्क असतात: एक ध्वनिमुद्रणाचा, जो कंपनीकडे असतो, दुसरा चाल आणि शब्दांचा. दोन्हीकडून परवानगी लागते. 2002 साली ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या अमेरिकी गाण्यात बप्पी लाहिरींची चाल न विचारता वापरली गेली, तेव्हा प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं आणि लाहिरींचं नाव दिल्याशिवाय विक्री करू नये, असा आदेश निघाला. ‘डोन्ट फंक’च्या श्रेयात मात्र कल्याणजी-आनंदजी आणि गीतकार इंदीवर यांची नावं आहेत. 2006 साली त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. कल्याणजी 2000 सालीच गेले होते.

ज्यांचा ड्रम, बेस आणि ब्रास त्या तुकड्यांत ऐकू येतो, त्या वादकांना त्या दिवसाच्या शिफ्टचे पैसे मिळाले आणि हिशोब तिथेच संपला. रेकॉर्डच्या वेष्टणावर संगीतकार, गीतकार, गायक एवढीच नावं छापली जात. हा अन्याय मला फार खुपतो, कारण सॅम्पल घेणारा नेमकी याच लोकांची बोटं उचलतो. ग्रेगरी बूथ यांनी हयात वादकांना भेटून ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक 2008 साली लिहिलं, म्हणून त्यांच्यातल्या काहींची नावं आणि आठवणी तरी कागदावर आल्या. धोबी तलावच्या वादकांवर मराठीत असं काम व्हायला हवं, आणि ज्यांना ते दिवस आठवतात अशी माणसं आहेत तोवरच व्हायला हवं.