मोबाईलमधील छायाचित्रे संगणकावर आणताना येणाऱ्या अडचणी

सेलू, जिंतूर व मंठा या तिन्ही वाटा देवगाव फाट्यावर मिळतात. शाळातपासणी आटोपून तेथे बसची वाट पाहत असता शिक्षकबंधू भेटतात, आणि हल्ली कुशल विचारून झाले की बहुधा एकच प्रश्न येतो : "साहेब, मोबाईलमधले फोटो कॉम्प्युटरवर येतच नाहीत. काय करावे?" पोषण आहार, वृक्षारोपण, वर्गखोलीची दुरुस्ती, प्रत्येक गोष्टीचे छायाचित्र मागविण्याची रीत आता रूढ झाली आहे. विद्यार्थ्यांसह सेल्फी काढून ती सरल प्रणालीवर चढविण्याचा २०१६ सालचा आदेश ज्यांना आठवत असेल, त्यांना या रीतीविषयी मी निराळे सांगावयास नको. पण जे करावेच लागते ते नीट कसे करावे, एवढ्यापुरता हा लेख आहे.

प्रथम केबलीचा विचार करू. फोन संगणकास जोडला, चार्जिंगही सुरू झाले, परंतु पडद्यावर फोनचे नाव उमटत नाही, ही तक्रार सर्वांत अधिक आढळते. साध्या यूएसबी केबलीत चार तारा असतात. दोन विजेच्या व दोन माहिती वाहून नेणाऱ्या. स्वस्त केबलींत कित्येकदा माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलीने फोन चार्ज होईल, पण छायाचित्र एकही येणार नाही. सबब संगणकास दोष देण्यापूर्वी दुसरी केबल लावून पाहावी. केबल चांगली असूनही काम न झाल्यास फोनचे कुलूप उघडावे, वरची सूचनापट्टी खाली ओढावी आणि 'चार्जिंग'ऐवजी 'फाइल ट्रान्सफर' हा पर्याय निवडावा. अँड्रॉइड फोन जोडल्याबरोबर केवळ चार्जिंगच्या स्थितीत राहतो. ही त्याची खोड नसून सुरक्षिततेसाठी केलेली योजना आहे. आयफोन असल्यास तो 'ट्रस्ट' करावे काय असे विचारतो, तेथे होकार द्यावा लागतो. २०१७ नंतरच्या आयफोनांतील छायाचित्रे एचईआयसी नावाच्या प्रकारात साठविली जातात व जुन्या संगणकास ती उघडता येत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडले म्हणजे पुढची छायाचित्रे नेहमीच्या जेपीजी प्रकारात निघतात.

फोनमध्ये शिरल्यावर कॅमेऱ्याने काढलेली चित्रे 'डीसीआयएम' या फोल्डरात सापडतात. व्हॉट्सॲपवरून आलेली मात्र तेथे नसतात. नव्या फोनांत ती 'अँड्रॉइड' फोल्डरातील 'मीडिया' या पोटफोल्डरात असतात. पुष्कळजण येथेच थकून फोटो हरवले असे समजतात.

केबलीचा त्रास नको म्हणून कित्येक शिक्षक छायाचित्र व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवितात आणि संगणकावर उतरवून घेतात. युक्ती सोपी आहे, पण तीत दोन तोटे आहेत. व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करते, आणि चित्रासोबत फोनने नोंदविलेली तारीख व स्थळ गाळून टाकते. बांधकामाचे छायाचित्र स्थळाच्या नोंदीसह मागविलेले असल्यास ते या मार्गाने निरुपयोगी होऊन पोहोचते. पाठवायचेच झाल्यास 'फोटो' म्हणून न पाठविता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. मग ते मूळचे जसेच्या तसे जाते.

आता गुगल फोटोजसारख्या सोयीकडे वळू. येथे फोनमधील चित्रे आपोआप खात्यात चढतात व कोणत्याही संगणकावर दिसतात. ती दिसत नसल्यास फोनवरील खाते व संगणकावर उघडलेले खाते एकच आहे काय, हे आधी पाहावे. मुख्याध्यापकांच्या फोनवर एक घरचे व एक शाळेचे, अशी दोन खाती असतात. चित्रे एकात चढतात आणि आपण दुसऱ्यात शोधत बसतो. माझ्या अनुभवात निम्मी कोडी येथेच सुटतात. दुसरे असे की, सामान्यतः ही चढाई वाय-फाय असतानाच चालते. आपल्या गावांत वाय-फाय क्वचित. तेव्हा बॅकअपच्या सेटिंगमध्ये मोबाईल डेटास दैनंदिन मर्यादा घालून परवानगी द्यावी. तिसरे, खात्याची मोफत जागा १५ जीबी असून तीत ईमेल व ड्राइव्हही वाटेकरी आहेत. १ जून २०२१ पूर्वी थोडी लहान केलेली छायाचित्रे या हिशेबात धरली जात नसत. त्यानंतर चढविलेली धरली जातात. जागा भरली की चढाई थांबते, आणि पाहिले नाही तर ते महिनोन्‌महिने ध्यानातही येत नाही.

येथवरच्या अडचणी पाच-दहा मिनिटांच्या आहेत. यापुढची तशी नव्हे, आणि तिच्यात माझाही दोष आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणवर्गात मी सांगितले होते की, सिंक चालू ठेवा म्हणजे तुमची छायाचित्रे सुरक्षित. एका दोनशिक्षकी शाळेतील बाईंनी ते मनावर घेतले. २०२०-२१ साली शाळा बंद असता त्यांनी गावातील ओट्यांवर मुलांना शिकविले होते. त्याची शेकडो छायाचित्रे त्यांच्या फोनमध्ये होती. पुढे फोन भरला. चित्रे खात्यात दिसत आहेत, मग फोनमधून काढावयास हरकत नाही, असे समजून त्यांनी गुगल फोटोजमध्येच ती निवडून पुसली. ती खात्यातूनही गेली. पुसलेली चित्रे तेथील कचरापेटीत ६० दिवस राहतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. मीही सांगितले नव्हते. त्या ओट्यावरच्या मुलांपैकी चौथीतील एक मुलगी पुढे आजाराने वारली. तिच्या आईने शाळेत येऊन फोटो मागितला, तेव्हा कचरापेटी केव्हाच रिकामी झाली होती. सहकारी शिक्षकांच्या फोनवर व्हॉट्सॲपवरून गेलेले एक सामूहिक चित्र मिळाले. तिचा चेहरा तेवढा मोठा करून छापला तर तो धूसर आला. आईने तोच नेला.

सिंक आणि नक्कल यांतील भेद मी त्या वर्गात स्पष्ट करावयास हवा होता. प्रवेश-निर्गम रजिस्टरातील उतारा आपण पालकास देतो. त्याने तो फाडला तरी आपले रजिस्टर शाबूत राहते. ही नक्कल. सिंक म्हणजे गुरुजींनी फळ्यावरील ओळ पुसली की सर्व मुलांनी आपापल्या पाटीवरचीही पुसावी, अशी शिस्त होय. दोन्ही ठिकाणे सारखी ठेवणे एवढेच तिचे काम. पुसणे हाही त्या सारखेपणाचाच भाग आहे. 'फ्री अप स्पेस' हा पर्याय निराळा : तो खात्यात चढलेल्या चित्रांची फोनमधील प्रत तेवढी काढतो. परंतु त्यानंतर खात्यातील प्रत ही एकुलती एक उरते, हे विसरू नये.

म्हणून दर महिन्याअखेर केबल लावून 'डीसीआयएम'मधील चित्रे संगणकावर न्यावीत. 'कट' न करता 'कॉपी' करावे, कारण मध्येच वीज गेली वा केबल हलली तर 'कट' केलेले चित्र अर्धवट राहण्याची भीती असते. फोल्डरास वर्ष व महिना यांचे नाव द्यावे, दोन-चार चित्रे उघडून पाहावीत, मगच फोनमध्ये जागा करावी. एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती शाळेच्या कपाटात रजिस्टरांबरोबर ठेवावी. संगणक बिघडल्यास तीच कामी येते. झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर हे काम केल्यास उठण्यापूर्वी तेथील प्रत पुसावी व खाते बंद करावे. ती चित्रे आपल्या मुलांची आहेत, दुकानदाराची नव्हेत.

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपली केबल व शाळेच्या खात्याचे नाव लिहून आणावे. केबली मी तेथेच एकेक करून लावून पाहीन.