शेणकिडा ओळखावा कसा?

पावसाची पहिली एखादी सर पडून गेली, की गायरानात जा आणि शेणाचा ताजा पो काडीने उकलून पाहा. टणक पाठीचे दोन-चार काळे भुंगेरे लगबगीने आत दडू लागतील. एखाद्याच्या डोक्यावर शिंगही असेल. हाच आपला शेणकिडा.

पण जरा थांबा! शिंगवाला काळा भुंगेरा कोकणातल्या उकिरड्यातही सापडतो. तो गेंड्या भुंगा. त्याच्या अळ्या कुजलेल्या शेणखतात वाढतात आणि पुढे भुंगा झाल्यावर तो माडाचा कोवळा शेंडा पोखरतो. शेणकिडा मात्र शेण जमिनीत पुरून ती भुसभुशीत करतो, माश्यांची पैदासही कमी करतो. ऑस्ट्रेलियातले देशी शेणकिडे कांगारूंच्या विष्ठेला सरावलेले. गाईगुरांचे शेण कुरणांवर तसेच पडून राही. म्हणून तेथे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून परदेशांतून शेणकिडे आणून सोडण्यात आले. असा मित्र शत्रू समजून चिरडला जाऊ नये, यासाठी दोघांतील फरक कळला पाहिजे.

दोघेही स्कॅरॅबिइडी या एकाच कुळातले. त्यामुळे दोघांच्याही शृंगिकांच्या टोकाला पुस्तकाच्या पानांसारख्या मिटणाऱ्या चकत्या असतात. शिंगावरही विसंबू नका. कित्येक शेणकिड्यांना शिंग नसतेच, आणि पुष्कळ जातींत ते फक्त नरालाच असते. तेव्हा एक साधे भिंग घ्या आणि तीन खुणा तपासा.

पहिली खूण डोक्याची. शेणकिड्याचे डोके फावड्यासारखे रुंद व चपटे असते आणि तोंड त्याखाली झाकलेले असते. शेणातील रस व बारीक कण गाळून तो खातो, म्हणून त्याचे जबडे मऊ असतात. गेंड्या भुंग्याचे बळकट जबडे वरूनही दिसतात.

दुसरी खूण पोटाकडची. किडा हलकेच उताणा करा. मधल्या दोन पायांची मुळे एकमेकांपासून चांगली दूर असली, तर तो शेणकिडा. गेंड्या भुंग्यात ती जवळजवळ असतात.

तिसरी खूण मागच्या पायाची. नडगीच्या टोकाला शेणकिड्याला एकच काटा असतो, गेंड्या भुंग्याला दोन. मात्र शेणातच राहणाऱ्या अफोडियस या चिमुकल्या, लांबट भुंगेऱ्यालाही दोन काटे असतात. तो याच कुळातील, पण वेगळ्या उपकुळातला. म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नका. तिन्ही जुळवून पाहा.

आता शेणकिड्याचा धंदाही पायांवरून सांगता येईल. मागचे पाय लांब, सडपातळ व किंचित वाकडे असतील, तर तो गोळा करून ढकलत नेणारा. ते आखूड, जाड व टोकाशी रुंद असतील, तर शेणाखालीच बीळ खणणारा. पुढचे पाय मात्र दोघांचेही करवतीसारखे दातेरी असतात.

पाहून झाले, की किडा होता तेथेच सोडून द्या, हात साबणाने धुवा आणि दिसलेल्या खुणा वहीत टिपून ठेवा. पुढच्या पावसात पुन्हा त्याच गायरानात जा. एकाच पोत किती जातींचे भुंगेरे एकत्र नांदतात ते मोजा!