थोरल्या टोमॅटोचा निवाडा

कोप्पीकर रोडवरून दुर्गदबैलच्या बाजाराकडे वळणाऱ्या गृहिणीच्या पिशवीत किलोभर टोमॅटो म्हणजे दहा-बारा फळे. बेंगळुरूच्या संशोधन संस्थेने काढलेल्या ‘अर्का रक्षक’ जातीचे फळही ९० ते १०० ग्रॅमच भरते. मग एकच टोमॅटो साडेतीन किलोंचा, असे कोणी सांगितले तर? अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात गॉर्डन ग्रॅहॅम यांनी १९८६ साली ३.५१ किलोंचे फळ पिकविले. २०१४ साली मिनेसोटातील डॅन मॅकॉय यांचे फळ ३.८ किलो भरले, आणि पुढे तोही विक्रम मागे पडला.

असल्या फळाचे मूळ फुलात असते. कधीकधी दोन-चार फुले जुळून एकच जाडजूड फूल होते. बागाइतदार तेवढेच राखून त्या झाडावरील बाकीची फळे खुडतो. मिळणारे फळ बहुधा वेडेवाकडे व सुरकुतलेले असते. नेहमीच्या प्रदर्शनात फळांचा सारखेपणा, रंग आणि टणकपणा पाहतात. तेथे या फळाची डाळ शिजावयाची नाही. थोरल्या टोमॅटोच्या स्पर्धेत मात्र वजन हाच निकष.

तर मग काटाच बोलेल, परीक्षकाचे काय काम, असे आम्हांसही वाटत असे. काही वर्षांपूर्वी एका घरगुती मेळाव्यात आम्ही परीक्षक होतो. दोन फळांत अवघा पाच ग्रॅमचा फरक पडला. जिंकलेल्या फळास बोटभर देठ होता; दुसरे फळ आणणाऱ्या काकूंनी आपल्या फळाचा देठ घरीच नीट छाटला होता. नियम लिहिलेला नव्हता, आणि आम्ही काट्याकडे बोट दाखवून मोकळे झालो. काकू काही बोलल्या नाहीत. मात्र पुढे त्या स्पर्धेस आल्या नाहीत. चूक काट्याची नव्हती, आमची होती.

म्हणून आमच्या मंडळींनी अशी स्पर्धा योजिली, तर रोपे लावण्यापूर्वीच नियम लिहून सर्वांस द्यावेत. देठ फळालगत छाटावा. हिरवी टोपी राहिली तरी चालेल. फळ निरोगी असावे : कुजके, अथवा आतील गरापर्यंत भोक वा चीर गेलेले फळ बाद. भरून आलेला जुना व्रण दोष मानू नये. जुळलेल्या फुलाचे फळ एकाच देठावर असेल, तर ते एकच समजावे. काटा वजनमाप खात्याच्या शिक्क्याचा असावा, आणि सर्व फळे त्याच काट्यावर, सर्वांसमक्ष तोलावीत. वजन समसमान भरल्यास बक्षीस विभागून द्यावे. परीक्षकाच्या घरचे फळ स्पर्धेत नसावे.

शेवटी विजयी फळ तेथेच चिरावे. आत काही दडविलेले नाही याची खात्री होते, आणि बी सर्वांस वाटता येते. संकरित जातीचे बी मूळ गुणाचे निपजेलच असे नाही; देशी वा सरळ वाणाचे बी मात्र जपून ठेवण्याजोगे.

पुढच्या स्पर्धेचे पहिले आमंत्रण त्या काकूंना द्यावयाचे, असे आम्ही ठरविले आहे. सोबत नियमांचा कागदही देणार आहोत.