कोशू : जपानची नाजूक पांढरी वाईन

टोकियोच्या पश्चिमेकडील यामानाशी प्रांत म्हणजे कोशू द्राक्षाचं घर. द्राक्षाची साल गुलाबी, वाईन मात्र जवळजवळ पाण्यासारखी फिकट. कुळ मुख्यतः युरोपीय. जनुकीय तपासणीत पूर्व आशियातल्या रानवेलीचाही अंश सापडला. जाड सालीमुळे हे द्राक्ष दमट हवा सोसतं. तरी वेल मांडवावर चढवतात आणि काही बागांत पाऊस लागू नये म्हणून एकेका घडावर कागदी टोपी घालतात. (मजुरीचा विचार केला, की बाटलीची किंमत समजते!)

१८७७ साली इथल्या कात्सुनुमा गावातले दोन तरुण वाईन शिकायला फ्रान्सला गेले. यामानाशीच्या वाईनला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१३ मध्ये.

स्वाद लिंबूवर्गीय, युझू फळाची आठवण देणारा. शेवटी सालीचा किंचित तुरटपणा. मद्यांश बहुधा ११-१२ टक्के. फार सौम्य वाटू नये म्हणून अनेक उत्पादक ती आंबवल्यानंतर काही महिने यीस्टच्या साक्यावर ठेवतात.

कच्च्या माशाच्या साशिमीबरोबर ती उत्तम लागते. झणझणीत रश्श्यापुढे मात्र तिचा टिकाव लागणार नाही.