वापरलेली स्पोर्ट्स कार, पहिला खरेदीदार आणि मालकांचे क्लब : सत्तर वर्षांचा मागोवा

युरोपातील मोजक्या कारखान्यांनी अल्प संख्येने बांधलेल्या वेगवान स्पोर्ट्स गाड्यांचा इतिहास बहुधा शर्यतींच्या आणि आरेखकांच्या अंगाने लिहिला जातो. मात्र अशी गाडी पहिल्या मालकाकडे जेमतेम काही वर्षे राहते आणि पुढची तीस-चाळीस वर्षे दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या मालकाच्या हाती काढते, हे ध्यानात घेतले, तर तिच्या आयुष्याचा मोठा भाग जुन्या गाड्यांच्या बाजारातच जातो असे म्हणावे लागते. या बाजारात प्रथमच उतरणाऱ्या, म्हणजे आयुष्यातील पहिली पोर्शे किंवा फेरारी वापरलेली घेणाऱ्या माणसाला खात्रीचा सल्ला कोठून मिळाला, हे पाहू गेल्यास कारखाना आणि विक्रेता यांच्यापेक्षा मालकांनी आपापल्या शहरात उभारलेल्या क्लबांचे ऋण अधिक मोठे असल्याचे दिसते.

अशा क्लबांचा उगम हौसेइतकाच अडचणीत आहे. पोर्शे मालकांचा पहिला क्लब 1952 मध्ये जर्मनीतील वेस्टफालिया भागात होएनसिबुर्ग येथे स्थापन झाला; त्या वेळी कंपनीची 356 ही पहिली गाडी बाजारात येऊन थोडीच वर्षे लोटली होती. अमेरिकेत ही गाडी न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांच्यामार्फत 1950 पासून येऊ लागली, पण तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले आणि पाण्याऐवजी हवेने थंड होणारे असल्यामुळे, पुढे बसवलेल्या पाण्याच्या इंजिनांवर हात बसलेल्या अमेरिकी मेकॅनिकांना ते परके वाटे, आणि सुटा भाग हवा असला तर मालकाला वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे. व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया गावचे व्यावसायिक चित्रकार बिल शोलर हेही याच अनुभवातून जात होते. त्यांच्या पुढाकाराने सप्टेंबर 1955 मध्ये वॉशिंग्टन शहरातील एका रेस्टॉरंटात थोडे मालक जमले आणि ‘पोर्शे क्लब ऑफ अमेरिका’ या संस्थेची पायाभरणी झाली. त्याच वर्षाअखेर तिचे ‘पॅनोरमा’ हे मासिक निघू लागले आणि 1956 मध्ये पहिला राष्ट्रीय मेळावा, ‘पोर्शे परेड’, भरला.

या संस्थेची रचना पुढील सर्व घडामोडींच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. ती एका कार्यालयातून चालणारी एकखांबी संस्था न राहता प्रादेशिक शाखांमध्ये विभागली गेली आणि या शाखांची संख्या आज शंभराच्या बरीच पुढे गेलेली आहे. नव्या सदस्याचा संबंध प्रथम येतो तो शाखेशी, कारण गावातील कोणता मेकॅनिक या इंजिनावर भरवशाने काम करतो, कोणत्या गाडीचा अपघात झाला होता आणि तिचा पत्रा कोणी सरळ केला, ही माहिती स्थानिकच असते आणि ती तोंडोतोंडीच टिकते. फेरारीच्या बाबतीतही पुढच्या दशकात असेच घडले. अमेरिकेत ‘फेरारी क्लब ऑफ अमेरिका’ आणि 1967 मध्ये ब्रिटनमध्ये ‘फेरारी ओनर्स क्लब’ या संस्था उभ्या राहिल्या.

पहिल्या वापरलेल्या फेरारीचा विचार केला की अभ्यासकाला अपरिहार्यपणे आठ सिलिंडरच्या, मध्यभागी इंजिन असलेल्या गाड्यांकडे वळावे लागते, कारण बारा सिलिंडरच्या गाड्या सामान्य सुखवस्तू माणसाच्या आवाक्यात क्वचितच आल्या. मध्यभागी इंजिन म्हणजे चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या आसाच्या पुढे बसवलेले इंजिन; यामुळे वजन गाडीच्या पोटात एकवटते आणि ती वळणावर चटकन फिरते. 1975 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेली 308 जीटीबी ही या परंपरेतील सर्वाधिक ओळखीची गाडी होय. तिचे आरेखन पिनिनफारिना या संस्थेचे होते, आरंभीच्या गाड्यांचे बाह्यांग फायबरग्लासचे होते, आणि 1980 पासून आठ वर्षे चाललेल्या ‘मॅग्नम पी. आय.’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे तिची उघड्या छताची आवृत्ती अमेरिकेत घरोघरी पोहोचली. पोलादी पत्र्याच्या 308 गाड्यांना गंज लागतो, हे मात्र त्या मालिकेतून कोणाला कळण्यासारखे नव्हते.

माहितीच्या या दुष्काळात जॉर्जिया राज्यातील जेराल्ड रूश यांनी 1976 मध्ये सुरू केलेल्या ‘फेरारी मार्केट लेटर’ या पाक्षिकाचे कार्य फार मोलाचे आहे. विक्रीस आलेल्या गाड्यांच्या जाहिराती छापणे हा त्याचा वरकरणी उद्देश असला, तरी रूश प्रत्येक गाडीची नोंद तिच्या चासी क्रमांकावरून, म्हणजे सांगाड्यावर कोरलेल्या आणि सहसा न बदलणाऱ्या क्रमांकावरून, ठेवत गेले आणि मागितलेल्या किमतींचाही हिशेब राखत गेले. त्यामुळे एकच गाडी काही वर्षांच्या अंतराने वेगळ्या रंगात किंवा कमी मैलांच्या आकड्यासह विक्रीस आली, तर तिचा पूर्वेतिहास शोधण्याची सोय झाली. 2010 मध्ये रूश यांचे निधन झाले, तोवर हा संग्रह अमेरिकेतील फेरारींच्या वंशावळीसारखा झाला होता.

ऐंशीच्या दशकात नवख्या खरेदीदारापुढे आणखी एक सापळा मांडला गेला. अमेरिकेने सुरक्षा आणि धूर यांविषयी कडक नियम केल्यामुळे काही युरोपीय गाड्या तेथे अधिकृतपणे विकल्या जात नसत. व्यक्तींनी त्या परस्पर आणाव्यात आणि खासगी कार्यशाळांकडून नियमांत बसवून घ्याव्यात, असा समांतर व्यापार बोकाळला. यांपैकी अनेक कार्यशाळांचे काम सुमार होते, जोडलेल्या तारा आणि कापलेले नळ पुढच्या मालकाच्या गळ्यात येत. 1988 च्या कायद्याने हा मार्ग जवळपास बंद केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एन्झो फेरारी यांचे निधन झाले, आणि 1987 च्या शेअर बाजारातील घसरणीनंतर गाड्यांकडे वळू लागलेला पैसा एकदम उसळला. सट्टेबाजांनी गाड्या न चालवता गोदामांत ठेवल्या, किमती आकाशाला भिडल्या आणि 1990 नंतर त्या कोसळल्या. हौशी माणसाच्या दृष्टीने ही घसरण वरदान ठरली, यात शंका नाही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात चालू स्थितीतील 308 तीस हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळू लागली, आणि नोकरदार अभियंता किंवा छोटा व्यावसायिक प्रथमच फेरारीचा मालक होऊ शकला.

खरेदीची किंमत उतरली, तरी गाडी सांभाळण्याची किंमत उतरली नव्हती, आणि पहिल्या खरेदीदाराची सर्वांत मोठी गफलत याच ठिकाणी होत आली आहे. 1994 मध्ये आलेली एफ-355 हे याचे ठळक उदाहरण होय. तिच्या इंजिनात झडपांची उघडझाप करणारे दंड रबरी टायमिंग बेल्टवर फिरतात. हा पट्टा तुटला, तर उघडी राहिलेली झडप वर येणाऱ्या पिस्टनवर आदळते आणि इंजिनाचे अतोनात नुकसान होते. 308 आणि 328 या गाड्यांचे इंजिन आडवे बसवलेले असल्याने पट्टा जागेवरच बदलता येई. 1989 च्या 348 पासून ते लांबीच्या दिशेने बसवले गेले आणि पट्ट्याची बाजू चालकाच्या आसनामागील भिंतीला भिडली. परिणामी एफ-355 चा पट्टा बदलताना मेकॅनिक प्रथम शीतकाचे पाणी आणि तेल काढून घेतो, नळ आणि तारांचे जोड एकेक करून सोडतो, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागची चौकट यांचा अख्खा जुडगा टेबलावर टेकवतो आणि मग त्याच्यावरून गाडी उचलून घेतो. हे काम दर तीन ते पाच वर्षांनी करावे लागते, कारण रबर गाडी उभी असतानाही जुने होते. त्यामुळे ‘फार कमी चाललेली’ म्हणून जादा दाम मागितलेली गाडीच कित्येकदा सर्वांत मोठे बिल घेऊन येते. इंजिन बाहेर आलेच आहे म्हणून तपासणी केली, तर झडपांच्या झिजलेल्या मार्गिका आणि तडकलेले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतील जळका वायू एकत्र करणारे नळ, हे या मॉडेलचे नेहमीचे दोष समोर येतात. 1999 च्या 360 मोडेनामध्ये आसनांमागे उघडणारे झाकण देऊन कारखान्याने हे काम सोपे केले आणि 2004 च्या एफ-430 मध्ये पट्ट्याऐवजी साखळी वापरून ही चिंता मिटवली. या तीन पिढ्यांमधला फरक रंगीत माहितीपत्रकात सापडत नसे, क्लबच्या बैठकीत तो पहिल्या दहा मिनिटांत कानावर पडे.

पोर्शेच्या इतिहासात हेच ज्ञान आणखी मोठ्या प्रमाणावर कामी आले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 911 चे इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होऊ लागले. 996 या अंतर्गत क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गाडीत आणि तिच्या धाकट्या बॉक्स्टर भावंडात मधल्या दंडाला आधार देणारे एक बंदिस्त बेअरिंग होते. ते निकामी झाले, तर धातूचा कीस तेलात मिसळून संपूर्ण इंजिन हातचे जाई. अमेरिकेत यावरून सामूहिक दावा झाला आणि 2013 मध्ये तडजोड झाली. भीतीपोटी या गाड्यांच्या किमती बराच काळ पडलेल्या राहिल्या, आणि त्यामुळे पहिली 911 घेऊ पाहणाऱ्यांची एक पिढीच या मॉडेलकडे वळली. ज्यांनी क्लच बदलताना हे बेअरिंगही बदलून घेतले आणि त्याच्या पावत्या जपल्या, त्यांच्याकडून गाडी घेणारे बहुतांशी सुखी झाले. हा साधा सल्ला शाखांच्या तांत्रिक सत्रांतून वर्षानुवर्षे दिला गेला आहे.

याच काळात खरेदीपूर्व तपासणीची पद्धत शिस्तबद्ध झाली. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या, त्याच मॉडेलवर हात बसलेल्या मेकॅनिककडे गाडी नेणे, प्रत्येक सिलिंडरात हवा भरून ती किती गळते हे मोजणे, रंगाच्या थराची जाडी तपासून दुरुस्त झालेला पत्रा ओळखणे, इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवले गेले याची संगणकातील नोंद काढणे आणि पॅडल गिअरच्या गाडीत क्लचची झीज यंत्रावर वाचणे, अशी ही तपासणी आहे. काही खुणा मात्र उपकरणांशिवाय दिसतात. टायरच्या कडेवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे ‘3509’ असा आकडा असलेला टायर 2009 च्या पस्तिसाव्या आठवड्यातला असतो. त्याची नक्षी नव्यासारखी असली, तरी अशा टायरवर वेगाने जाणे जिवावर बेतू शकते. मालकाने टायरच बदलले नसतील, तर न दिसणाऱ्या भागांकडे त्याने किती लक्ष दिले असेल, हा अनुभवी सदस्यांचा प्रश्न पूर्णपणे रास्त आहे.

क्लबचे दुसरे कार्य मालक झाल्यानंतर सुरू होते आणि त्याची दखल फारच कमी घेतली जाते. गाड्यांची स्वच्छता आणि अस्सलपणा यांचे परीक्षण करणाऱ्या स्पर्धा डोळ्यांत भरतात, पण नव्या मालकाच्या दृष्टीने मोकळ्या वाहनतळावर शंकू मांडून एकेकट्या गाडीने घेतल्या जाणाऱ्या कमी वेगाच्या चाचण्या आणि शर्यतपट्टीवरील चालक-प्रशिक्षण यांचे मोल अधिक आहे. या प्रशिक्षणात शेजारच्या आसनावर अनुभवी सदस्य बसतो आणि ब्रेक कोठे लावावा, वळणात नजर कोठे असावी, अर्ध्या वळणात अचानक पाय उचलल्यास मागे इंजिन असलेली गाडी कशी फिरते, हे प्रत्यक्ष दाखवतो. जुन्या 911 मध्ये हा धडा न घेता उतरलेल्यांना तो रस्त्यावर फार महागात पडलेला आहे.

महाराष्ट्रात या इतिहासाला वेगळे वळण मिळाले. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन 1919 पासून आहे, आणि जुन्या अभिजात गाड्यांच्या मालकांची संघटनाही येथे दीर्घकाळ कार्यरत आहे. परंतु अलीकडच्या परदेशी स्पोर्ट्स गाड्यांचा वापरलेला बाजार आयातधोरणामुळे फार काळ आक्रसलेला राहिला. वापरलेली मोटार आणायची, तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली असावी आणि मुंबई बंदरातूनच यावी, अशा अटी आणि त्यांवर जबर शुल्क, यांमुळे पंधरा वर्षांची स्वस्त 911 परदेशातून आणण्याचा मार्ग येथील हौशी माणसाला मिळालाच नाही. या काळातील सर्वांत गाजलेले उदाहरण सचिन तेंडुलकर यांच्या 360 मोडेनाचे आहे. ब्रॅडमन यांच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल फियाटच्या वतीने मायकेल शूमाकर यांनी 2002 मध्ये ती त्यांना दिली. तिच्या सीमाशुल्काला दिलेली माफी न्यायालयात आव्हानित झाली आणि अखेर कंपनीने शुल्क भरले. 2011 मध्ये ती सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली, म्हणजे भारतातील सर्वांत प्रसिद्ध फेरारीही वापरलेली म्हणूनच दुसऱ्या मालकाच्या दारी उभी राहिली.

त्यानंतरच्या वर्षांत मुंबई आणि पुण्यात अशा गाड्यांचे दुसरे-तिसरे मालक वाढले, आणि रविवारी पहाटे एकत्र निघणारे गटही झाले. यांचा उत्साह कौतुकास्पद आहे. मात्र प्रदर्शनापलीकडे जाऊन गाडीगणिक दुरुस्तीची वही ठेवणे, विश्वासू मेकॅनिकांची यादी नव्या माणसाला मोकळेपणाने देणे आणि कोणत्या गाडीने पुराचे पाणी पाहिले याची नोंद करणे, हे काम या गटांनी अंगावर घेणे निकडीचे आहे, कारण येथे सुटे भाग दूर आणि जाणते हात थोडे असल्याने एका चुकीची किंमत अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त पडते.

अमेरिकेत, न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आणि पहिली वापरलेली पोर्शे घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकाला तर आज एक सोय आयतीच उपलब्ध आहे. पोर्शे क्लब ऑफ अमेरिका अद्याप गाडी न घेतलेल्या इच्छुकालाही मर्यादित मुदतीचे सदस्यत्व देते. विक्रेत्याला इसार देण्यापूर्वी ते घ्यावे आणि आपल्या शाखेच्या पुढच्या तांत्रिक सत्राला हजर राहावे.