सबवूफर गुणगुणतो तेव्हा दोष शोधायचा कसा?

आज आपण मांडवातल्या आवाजाबद्दल बोलू. वडगाव रासाईसारख्या भीमेकाठच्या गावात सप्ताह असो की यात्रा, मांडणी साधारण सारखीच असते. मिक्सर मंडपात, त्याला वीज देवळाच्या मीटरवरून. सबवूफर पुढं मोकळ्या जागेत, त्याला वीज शेजारच्या घरातून नाहीतर जनरेटरवरून. वायरी जोडल्या, बटण दाबलं, की भजनाआधीच ‘हूंऽऽ’ अशी गुणगुण सुरू होते. लोक म्हणतात, सबवूफर गेला. पण बऱ्याचदा तो ठणठणीत असतो.

असं का होतं? पॉवर्ड सबवूफर म्हणजे ज्याच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर असतो तो. त्याला एक वायर विजेची आणि एक सिग्नलची. मिक्सरची अर्थिंग एकीकडं, सबवूफरची दुसरीकडं; दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक असतो. सिग्नलच्या वायरीतली जाळी त्या दोघांना जोडते आणि तिच्यातून करंट वाहायला लागतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि सबवूफरचं कामच मुळी तेवढ्या खालचे आवाज वाजवायचं. छोट्या स्पीकरला तो सूर नीट काढता येत नाही, म्हणून तो गप्प बसतो आणि आळ येतो सबवूफरवर.

आता तपासायचं कसं? एका वेळी एकच गोष्ट बदला. आवाज शून्यावर आणून सबवूफरची सिग्नल वायर काढा. मग आवाज थोडा वाढवा. गुणगुण तशीच राहिली तर दोष सबवूफरच्या आत किंवा विजेत आहे. तो मिस्त्रीकडं न्या. गुणगुण थांबली तर वायरीचं मिक्सरकडचं टोक काढून, योग्य पिन लावून, मोबाईलला जोडा. मोबाईल चार्जरवर नको, बॅटरीवरच हवा. गाणं स्वच्छ वाजलं तर सबवूफर चांगला, वायरही चांगली. मग दोष मिक्सरकडचा किंवा लूपचा.

लूपवर पहिला उपाय फुकटचा आहे: मिक्सर आणि सबवूफर, दोन्ही एकाच बोर्डावरून चालवा. ते जमत नसेल तर तीन पिनांची बॅलन्स्ड वायर वापरा, किंवा मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. अर्थिंगही बघा. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होते. खड्ड्यात पाणी घालत राहायला हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही जण प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. गुणगुण थांबते, हे खरं. पण त्या पेटीत उद्या फेज बॉडीला टेकला, तर करंटला जमिनीत जायची वाट उरत नाही. तो पेटीच्या पत्र्यावर थांबतो आणि सिग्नलच्या जाळीतून मिक्सरपर्यंत जाऊ शकतो. मिक्सरचीही पिन काढलेली असेल तर पुढं माईकपर्यंत. माईक हातात धरलेला माणूस अनवाणी उभा असतो, खाली ओली जमीन. गुणगुणीपायी माणसाचा जीव धोक्यात घालू नका. उलट बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्या.

शेवटी, बेस लागतोय पण पोकळ वाटतोय, अशी तक्रार असते. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. सबवूफर आणि वरचे स्पीकर उलटसुलट हलले की आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. सबवूफरच्या मागं ० आणि १८० असं फेजचं बटण असतं. एकानं ते बदलावं, दुसऱ्यानं श्रोते बसतात तिथं उभं राहून ऐकावं. जिथं पखवाजाची धूम भरदार लागेल, तिथं बटण ठेवा. आणि लाल क्लिपचा दिवा सतत लागत असेल तर सबवूफरवर चिडू नका, मिक्सरचा गेन कमी करा.