पाळीव बजरीगर पक्ष्यांचे सहजीवन व आरोग्य

बजरीगर हा ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी असलेला, पोपटांच्या गणातील एक लहान पक्षी आहे. त्याचे शास्त्रीय नाव मेलोप्सिटॅकस अंड्युलॅटस असे असून जॉर्ज शॉ या इंग्लिश निसर्गाभ्यासकाने १८०५ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. १८४० मध्ये जॉन गूल्ड यांनी जिवंत पक्षी इंग्लंडला नेल्यानंतर तो पाळीव पक्षी म्हणून जगभर पसरला. महाराष्ट्रातील पक्षीबाजारांत तो बहुधा 'लव्हबर्ड' या नावाने विकला जातो. खरे लव्हबर्ड मात्र आफ्रिकेतील असतात. ते अधिक भांडखोर असून दुसऱ्या जातीच्या पक्ष्याच्या पायांची बोटेही तोडतात. त्यामुळे नावाच्या या घोटाळ्यातून दोन्ही पक्षी एकाच पिंजऱ्यात ठेवले गेल्यास बजरीगराच्या जिवावर बेतू शकते.

राघू किंवा मिठू म्हणून परिचित असलेला कीर पोपट, तसेच करण पोपट व तुइया हे भारतीय पक्षी आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्यांना पकडणे, विकणे वा पाळणे हा गुन्हा आहे. प्रस्तुत लेख केवळ बजरीगरापुरता आहे.

== कळपवृत्ती आणि कलहाचे मूळ ==

निसर्गात बजरीगर मोठ्या थव्यांनी राहतात व पाऊस आणि गवताचे बी यांच्या शोधात भटकतात. एकटा ठेवलेला पक्षी उदास होतो, क्वचित स्वतःची पिसेही उपटतो. म्हणून किमान दोन पक्षी एकत्र असावेत, हे सर्वमान्य आहे. कोणते दोन, याकडे मात्र खरेदी करताना क्वचितच लक्ष दिले जाते.

हा पक्षी झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. चांगल्या ढोल्या थोड्या असतात आणि त्यांचा ताबा मिळवण्यासाठी माद्या परस्परांशी झुंजतात. पिंजऱ्यात टांगलेले मडके म्हणजे मादीच्या दृष्टीने ढोलीच होय. आपल्याकडे पिंजऱ्याबरोबर मडके घेण्याची पद्धतच पडली आहे, आणि पिंजऱ्यातील बहुतेक रक्तपात या मडक्याभोवतीच होतो. पक्ष्याचा स्वभाव वाईट आहे असे मालक म्हणतो, तेव्हा दोष पुष्कळदा मांडणीचा असतो. पिल्ले नको असतील तर मडके ठेवूच नये. हवी असतील तर जोड्यांपेक्षा मडकी अधिक असावीत व ती सर्व एकाच उंचीवर टांगावीत, कारण सर्वांत उंच मडक्यावर सर्वच माद्यांचा डोळा असतो. जोडी नसलेली जादा मादी अशा पिंजऱ्यात ठेवणे धोक्याचे असते. ती दुसरीच्या मडक्यात शिरून अंडी फोडते, पिल्लेही मारते.

प्रजनन नको असल्यास दोन किंवा अधिक नर सर्वांत शांततेने राहतात. प्रौढ नराच्या चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांभोवती असलेली मांसल पट्टी निळी, तर मादीची फिकट निळसर-पांढरी वा तपकिरी असते. पांढऱ्या व पूर्ण पिवळ्या पक्ष्यांत मात्र नराचीही पट्टी गुलाबी-जांभळट राहते, त्यामुळे फसगत होते.

पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा असावा. हा पक्षी आडवा उडतो. एका जोडीस सुमारे अडीच फूट लांबी हवी, आणि दोन गजांतील अंतर १२ मिलिमीटरच्या आसपास असावे. दाण्याची व पाण्याची भांडी पक्ष्यांच्या संख्येइतकी, शक्य तितकी दूरदूर ठेवल्यास दबणारा पक्षी उपाशी राहत नाही.

चोचीला चोच लावून किंचित झटापट, जागेवरून ढकलणे हे नित्याचे आहे. त्यात पडू नये. रक्त निघणे, पायाला चावणे किंवा एकाच पक्ष्याला सतत दाण्यापासून हाकलणे दिसल्यास आक्रमक पक्षी त्याच दिवशी वेगळा करावा.

== नवा पक्षी ==

नवा पक्षी सुमारे ३० दिवस दुसऱ्या खोलीत ठेवावा. त्यानंतर दोन पिंजरे काही दिवस शेजारी ठेवून मग पक्षी एकत्र करावेत. त्या वेळी जुन्या पिंजऱ्यातील दांड्या व भांडी यांच्या जागा बदलल्या, तर जुन्या पक्ष्याचा हक्काचा कोपरा उरत नाही.

== आहार व धोके ==

राळे, बाजरी व वरी हा मुख्य दाणा होय. केवळ दाण्यावर वाढलेल्या पक्ष्यांत अ जीवनसत्त्व व आयोडीन यांची उणीव आढळते, म्हणून कोथिंबीर, मेथी, किसलेले गाजर रोज द्यावे. सूर्यफुलाचे बी स्निग्ध असल्याने अगदी थोडे. चुन्यासाठी समुद्रफेस पिंजऱ्यात अडकवून ठेवावा. चुना कमी पडल्यास मादीचे अंडे आत अडकते व ती दगावू शकते. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कॉफी व कांदा वर्ज्य. न चिकटणारा लेप असलेला तवा अति तापल्यास निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो, तेव्हा पिंजरा स्वयंपाकघरात नसावा. पक्षी मोकळा सोडताना छताचा पंखा बंद हवा.

== आजार ==

आजारी पक्षी दुबळेपण लपवतो. पिसे फुगवून दिवसा झोपणे, श्वासासरशी शेपटी हलणे, तळाशी बसणे ही लक्षणे दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून आठवड्यातून एकदा ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर वजन करणे हा सर्वांत विश्वसनीय उपाय आहे. प्रौढ पक्षी साधारण ३० ते ४० ग्रॅमचा असतो, त्यामुळे तीन-चार ग्रॅमची घटही गंभीर समजावी. अशा पक्ष्यास वेगळे व उबेत ठेवून पशुवैद्याकडे न्यावे. प्रतिजैविकाची पूड पाण्यात कालवून देणे व्यर्थ ठरते, कारण आजारी पक्षी पाणीच कमी पितो.

चोचीवर व डोळ्यांभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खरखरीत पुटे आल्यास तो सूक्ष्म किडीचा उपद्रव असतो; औषधाने तो बरा होतो, मात्र सोबतच्या सर्व पक्ष्यांची तपासणी आवश्यक असते. क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूमुळे होणारा सिटाकोसिस हा आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसांनाही होतो व न्यूमोनियाचे रूप घेऊ शकतो. पिंजऱ्याचा तळ ओला करूनच पुसावा, आणि पक्षी पाळणाऱ्या घरात कोणास ताप व कोरडा खोकला लांबल्यास घरात पक्षी आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.